वयच तसं आहे!

अनारसा तुपात विरघळून पसरला, की आमच्याकडे म्हणतात, 'अनारसा हसला'. माझ्या मावशीचा अनारसा चाळीस वर्षांत कधी हसला नव्हता. तांदूळ तीन दिवस भिजायचे, पाणी रोज बदललं जायचं, मग ते पंचावर सावलीत पसरायचे आणि पुरते वाळायच्या आत कुटायचे. किसलेला गूळ मिसळून केलेले गोळे एकदा डब्यात गेले, की त्या डब्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. तीन वर्षांपूर्वी पाडव्याला मी तिच्याकडे गेले, तर डबा फडताळात तसाच पडलेला. आत पीठ होतं. गुळाला पाणी सुटून वरचा थर काळपट झाला होता. "अगं, तळले नाहीस?" मी विचारलं. "हात चालेना बाई," ती म्हणाली. आतल्या खोलीतून कुणीतरी म्हणालं, "आता एवढं होणार कसं तिच्याच्यानं? वयच तसं आहे."

मावशी तेव्हा एकाहत्तरची होती. काका जाऊन चौदा महिने झाले होते. पहाटे तीनला ती उठून बसायची. पोलकी ढगळ झाली होती. पणतूच्या बारशाचे फोटो तिनं एकदा पाहिले आणि मोबाइल पालथा ठेवून दिला. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळं तपासून झालं होतं. "काही निघालं नाही," असं मुलगा समाधानानं सांगत होता. जे निघायला हवं होतं, ते कुणी शोधलंच नव्हतं. पुढं एका तरुण डॉक्टरनं तिला विचारलं, "आजी, दिवसातली सगळ्यात वाईट वेळ कुठली?" ती चटकन म्हणाली, "सकाळ. अख्खा दिवस काढायचा असतो ना." तिथून तपासाची दिशा बदलली. मावशीला नैराश्य होतं.

तेव्हापासून मी त्या एका वाक्याच्या मागावर आहे. नववीतला भाचा दार लावून बसतो: वयच तसं आहे. नवी बाळंतीण रात्री रडते: पहिलटकरीण आहे, होतंच असं. चाळिशीतला दीर घरात सगळ्यांवर खेकसतो आणि रात्री 'बसतो': जबाबदारीचं वय. पन्नाशीतली वहिनी गप्प गप्प असते: पाळी जायचं वय. पाळण्यापासून काठीपर्यंत प्रत्येक वयाच्या उदासीला आपण एकेक परवाना देऊन ठेवला आहे. वय बदलतं तसं या आजाराचं रूप बदलतं, हे खरंच. पण आपण आजारालाच वय समजून बसतो आणि उपचाराची वेळ निघून जाते.

दोन आठवड्यांची फूटपट्टी

दुःख आणि नैराश्य एक नव्हे. दुःखाला भरती-ओहोटी असते. गेलेल्या माणसाची एखादी खोड आठवून सुतकातसुद्धा हसू फुटतं. नैराश्यात ते हसूच आटतं. निदानासाठी डॉक्टर नऊ गोष्टी पाहतात: सततची उदासी, आवडत्या गोष्टींतला रस जाणं, झोप बिघडणं, भूक किंवा वजन बदलणं, गळून गेल्यासारखं वाटणं, हालचाली मंदावणं किंवा एका जागी चैन न पडणं, लक्ष न लागणं, आपण कुचकामी आहोत अशी अपराधी भावना आणि मरणाचे विचार. यांतली निदान पाच लक्षणं दोन आठवडे जवळजवळ रोज असतील, त्यांत पहिल्या दोहोंपैकी एक असेल आणि रोजचं जगणं त्यामुळे अडत असेल, तर तो आजार धरायचा.

आजाराला शरीराची बाजू आहे. तो काही घराण्यांत जास्त दिसतो. थायरॉइड बिघडला किंवा बी-१२ कमी पडलं तरी अशीच लक्षणं दिसतात, म्हणून रक्त तपासायलाच हवं. पण रिपोर्ट चांगले आले म्हणजे माणूस बरा आहे असं होत नाही, कारण मनाच्या सवयी रक्तात उतरत नाहीत.

अशा तीन सवयींचा मानसशास्त्रानं कसून अभ्यास केला आहे. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ एरन बेक (१९२१–२०२१) यांना रुग्णांच्या बोलण्यात एक तिपाई दिसली: मी नालायक, जग निर्दयी आणि पुढं काही चांगलं होणार नाही. मला वाटतं, वयानुसार या तिपाईचा वेगवेगळा पाय जड होतो. सोळाव्या वर्षी 'मी', कर्त्या वयात 'जग', सत्तरीत 'पुढं'. दुसरी सवय रवंथाची. सूझन नोलेन-हुक्सिमा यांनी दाखवून दिलं, की तेच दुःख चघळत बसणारे लोक नैराश्यात जास्त वेळ अडकतात. लहानपणी मुलगे आणि मुली यांच्यात नैराश्याचा फारसा फरक नसतो. वयात येताना मुलींचं प्रमाण वाढू लागतं आणि मोठेपणी ते पुरुषांच्या साधारण दुप्पट होतं. त्यामागच्या अनेक कारणांत हा रवंथही त्यांनी मोजला.

तिसरी सवय असहायतेची. १९६७ च्या सुमारास मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. विजेचे झटके आपल्याला थांबवता येत नाहीत, असा अनुभव घेतलेली कुत्री पुढं सुटकेची वाट उघडी असतानाही पडून राहिली. याला 'शिकलेली असहायता' असं नाव पडलं. पण सुमारे पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी आपला सिद्धांत उलटा केला. मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे त्यांनी लिहिलं, की निपचित पडणं ही दीर्घ त्रासाला मिळणारी मूळची प्रतिक्रियाच आहे. शिकावं लागतं ते हे, की आपल्या हातात काहीतरी आहे. ही उलटापालट लक्षात ठेवा. मावशीच्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहे.

बिननावाच्या चिठ्ठ्यांची पेटी

मनाच्या आजारांपैकी जवळपास निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवी-नववी. या वयात नैराश्य अनेकदा रडत नाही, चिडतं. मार्क घसरतात, झोपेचं घड्याळ उलटतं, मित्र तुटतात. घर याला माज म्हणतं.

बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सत्तरहून अधिक शाळांमध्ये 'सेहर' नावाचा प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. नववीच्या मुलांसाठी भित्तिपत्रक, शाळेच्या सभा, समुपदेशन आणि बिननावानं तक्रार टाकायची एक पेटी, एवढाच मामला. काही शाळांत हे काम स्थानिक प्रशिक्षित समुपदेशकानं केलं, काही शाळांत शिक्षकानं. समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी कमी झाली, मुलांची नैराश्याची लक्षणं घटली. शिक्षकाच्या शाळांत मात्र फरक पडला नाही. शिक्षक वाईट होते असा याचा अर्थ नव्हे. माझा अर्थ एवढाच, की जो मार्क देतो त्याच्यापाशी मूल मन मोकळं करत नाही. घरातही 'पेपर कसा गेला?' विचारणारं आणि 'कसा आहेस?' विचारणारं माणूस एकच असलं, की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'ठीक' एवढंच येतं.

सव्वा महिन्यानंतर

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येतं, ते बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढं ते टिकलं, तर तो बाळंतपणानंतरचा नैराश्याचा आजार असू शकतो. याविषयी आपल्या शेजारच्या गोव्यातून जगाला शिकवणारा अभ्यास झाला. १९९६ मध्ये तिथं 'संगत' ही संस्था सुरू झाली. तिच्या संस्थापकांतले डॉ. विक्रम पटेल त्याआधी झिम्बाब्वेत काम करत होते. तिथल्या शोना भाषेत नैराश्यासारख्या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आपल्या खेडोपाडीच्या दवाखान्यात 'लई इचार येत्यात' म्हणणाऱ्या बाईला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

गोव्यातल्या जिल्हा रुग्णालयात नाव घातलेल्या २७० स्त्रियांना संशोधकांनी गरोदरपणात आणि पुढं बाळ सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर भेटून प्रश्न विचारले. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले: २३ टक्के स्त्रियांना नैराश्य होतं. त्यांतल्या बहुतेकींना त्रास गरोदरपणातच सुरू झाला होता आणि निम्म्याहून अधिक जणी बाळ सहा महिन्यांचं झालं तरी त्यातून बाहेर आल्या नव्हत्या. कारणं कुठली? गरिबी, उपासमार, नवऱ्याशी बिनसलेलं नातं, मारहाण. आणि एक आपल्या ओळखीचं: बाळ मुलगी असणं. मुलगा झाला, की बाकीच्या कारणांची धारसुद्धा बोथट व्हायची. संप्रेरकांना मुलगा-मुलगी कळत नाही, घराला कळतं. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं, की अशा आयांच्या बाळांचं वजन सहाव्या महिन्यात मागं पडलेलं असतं.

सहा आठवडे म्हणजे आपला सव्वा महिना. डिंकाचे लाडू संपतात, शेक-शेगडी थांबते, बघायला येणाऱ्यांची रीघ आटते, माहेरची माणसं आपापल्या कामाला लागतात. बाळंतिणीभोवतीचं कोंडाळं पांगतं, नेमकं तेव्हा तिला कुणी विचारायला हवं असतं. लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांचा जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी केलेला अभ्यास १९७८ मध्ये पुस्तकरूपानं आला. संकटं अनेकींवर आली, पण जिला मन उघडं करता येईल असं एकही जवळचं माणूस नव्हतं, ती जास्त कोसळली. आपल्या आज्यांना जात्यापाशी पहाटे समोर बसलेली दुसरी बाई तरी होती. ओव्यांत सासरचं सगळं निघायचं. जातं गेलं ते बरंच झालं, हात सुटले. समोरची बाई मात्र त्याबरोबर गेली.

कर्ता

'कर्ता' हा मराठीतला पुरुषाचा मोठा बहुमान आहे आणि तोच त्याचा सापळा. करता येईनासं झालं, की तो स्वतःच्याच नजरेतून उतरतो. पुरुषाचं नैराश्य राग, दारू, पाठदुखी अशा वेषांत फिरतं, म्हणून त्याची नोंद होत नाही. नोंद होते ती दुसरीकडं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या आहेत. दर दहांतले सात पुरुष. राज्यांत महाराष्ट्र पहिला, २२,७४६. प्रत्येक आत्महत्येमागं नैराश्याचा आजार नसतो. कर्ज, मार, अपमान, व्यसन अशी कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. पण वेळेवर कुणी बोललं असतं तर, हा प्रश्न त्यांतल्या बहुतेक घरांत मागं उरतो.

बोलायला जायचं कुठं? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात महाराष्ट्र नव्हता. त्यात आढळलं, की नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नाहीत. आपल्या राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. त्या नावांचा आपण शिवीसारखा वापर करतो. डॉक्टरनं चिठ्ठी लिहून दिली, तेव्हा मावशीचा पहिला प्रश्न होता, "मला येरवड्याला नेताय का?"

विदर्भातल्या 'विश्राम' प्रकल्पानं वेगळी वाट धरली. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत, सुमारे एक लाख वस्तीत, गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर पाठवलं गेलं. त्यांनी लोकांच्या भाषेत ताणाबद्दल बोलायचं, ऐकायचं, गरज दिसली तर पुढं समुपदेशकाकडं आणि डॉक्टरकडं जोडून द्यायचं. सुरुवातीला नैराश्याच्या शंभर रुग्णांतले चार उपचारासाठी कुणाकडं तरी गेलेले होते. दीड वर्षानं हे प्रमाण २७ वर गेलं. गाव तेच, शेती तीच, पाऊस तसाच लहरी. मधे फक्त एक ओळखीचं माणूस उंबऱ्यावर आलं होतं.

दुधाच्या हिशेबाची चौकट

आता मावशीकडं परत येते. डॉक्टरनं गोळी सुरू केली. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, तिची सवय लागत नाही, पण मनानं बंद करायची नाही, हे बजावलं. मग तिच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं बोट दाखवलं. दुधाचे आणि इस्त्रीचे हिशेब लिहायच्या त्या रोजच्या चौकटी. "आजी, यात रोज एक केलेलं काम लिहायचं आणि ते करताना किती बरं वाटलं, त्याला दहापैकी मार्क द्यायचे. मन लागेल तेव्हा करू, असं म्हणायचं नाही. आधी करायचं."

पहिल्या आठवड्याच्या चौकटी मी पाहिल्या आहेत. 'तुळस १'. 'तुळस १'. 'काही नाही'. 'मेथी निवडली २'. तिसऱ्या आठवड्यात 'खालच्या सुमनशी बोलले ४'. मावशीच्या मते हा पोरखेळ होता. पण या पोरखेळाला शास्त्रीय आधार आहे. नैराश्यात माणूस मन लागण्याची वाट पाहत हातावर हात ठेवून बसतो. काही घडत नाही, म्हणून मन आणखी बसतं. हे चक्र मनाच्या टोकाकडून सुटत नाही, हाताच्या टोकाकडून सुटतं. सेलिग्मन-मायर यांची उलटापालट इथं कामी येते: निपचित पडणं मेंदूला आपसूक येतं, 'माझ्या हातात काही आहे' हे त्याला शिकवावं लागतं, आणि तो धडा मेथीच्या जुडीपासूनही सुरू होतो.

गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हीच रीत तपासली गेली. ४९५ रुग्ण, सगळ्यांचं नैराश्य बऱ्यापैकी तीव्र. निम्म्यांना नेहमीच्या देखभालीत थोडी सुधारणा करून ती दिली, निम्म्यांना त्याबरोबर सहा ते आठ बैठका. बैठका घेणारे ना डॉक्टर होते, ना मानसशास्त्राचे पदवीधर. काही आठवड्यांचं शिक्षण घेतलेली स्थानिक माणसं होती. तीन महिन्यांनी बैठकांच्या गटातले ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. हा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली आला.

आणि मावशीच्या वयाचं काय? म्हातारपण म्हणजे उदासी, हे समीकरण खोटं आहे. म्हातारपणी माणसं जातात, कान जातात, गुडघे जातात, घरातला शब्द जातो. हे सगळं जोखीम वाढवतं. कधी नैराश्यातला विसराळूपणा स्मृतिभ्रंश म्हणून खपून जातो. पण गोवा मेडिकल कॉलेजचे डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी 'दिल' नावाच्या प्रयोगात साठीपुढच्या १८१ जणांना घेतलं. सगळ्यांना सौम्य लक्षणं होती, आजार अजून उभा राहिला नव्हता. काहींना स्थानिक समुपदेशकांनी अडचणी सुट्या करून एकेक सोडवायला शिकवलं, झोपेच्या सवयी नीट लावून दिल्या, मधुमेहासारख्या आजारांच्या देखभालीत आणि सरकारी योजना मिळवण्यात मदत केली. वर्षभरात या गटात शंभरातल्या जेमतेम चार-पाच जणांना नैराश्याचा आजार झाला, दुसऱ्या गटात चौदा जणांना. वय दोन्हीकडं सारखंच होतं.

हे सगळं लिहिताना एक इशारा द्यायला हवा. शेजारी, मैत्रीण, तुळस आणि मेथी पुरत नाही अशीही अवस्था येते. माणूस खाणं सोडतो, भलतेच आवाज ऐकतो, मरणाचं बोलू लागतो, निरवानिरवीची भाषा करतो. तेव्हा थेट मनोविकारतज्ज्ञ गाठायचा आणि तोवर त्याला एकटं सोडायचं नाही. मरणाबद्दल सरळ विचारलं तर तो विचार डोक्यात भरेल, ही भीती निराधार आहे. विचारल्यानं माणूस मोकळा होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखाली असल्याचं मानून त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे. कायदा त्याला गुन्हेगार म्हणत नसेल, तर घरानंही म्हणू नये.

मावशीची गोळी अजून चालू आहे. काकांच्या आठवणीनं ती अजून रडते आणि ते रडणं आता आम्हाला आजार वाटत नाही. यंदा तिनं पावशेरच तांदूळ भिजवले. त्यातले दोन अनारसे हसले. ते तिनं तेव्हाच, कढईपाशी उभ्यानं खाल्ले. त्या दिवसाच्या चौकटीत आकडा आहे सात.

तुम्ही हा अंक वाचताय तो दिवाळीचा आठवडा. घर भरलेलं आहे; गप्प बसलेलं माणूस अशा गर्दीत सगळ्यात सहज लपतं. तुमच्या घरात कुणी पंधरा दिवसांपेक्षा जास्त काळ फराळाला, फटाक्यांना, माणसांना पाठ करून बसलं असेल, तर त्याचं वय मोजू नका. शेजारी जाऊन बसा आणि विचारा, "दिवसातली सगळ्यात वाईट वेळ कुठली?" उत्तर पुरतं ऐका, मधे उपदेश करू नका. आणि ऐकून तुम्हालाच घाबरायला झालं, तर सरकारची 'टेलिमानस' ही मदतवाहिनी चोवीस तास, मराठीतून, मोफत आहे. नंबर १४४१६. दुधाच्या हिशेबाशेजारी, त्याच दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.